गावाचं पुस्तक काढायचंय? आधी म्हाताऱ्या माणसांकडे जा

आमचं गाव खटाव तालुक्यातलं, जुन्या औंध संस्थानातलं. तिथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मी एकवीस वर्षं शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर गावच्या इतिहास मंडळाची चिटणीस झाले. २८८ पानांचं पुस्तक काढायला आम्हांला सहा वर्षं लागली. त्यातली निदान दोन वर्षं आम्ही कामं उलट्या क्रमाने केली म्हणून गेली. हल्ली शेजारच्या गावांतली मंडळी विचारायला येतात, बाई, सुरुवात कुठून करायची? प्रत्येकाला तेच सांगते, म्हणून आता लिहूनच काढते.

आम्ही सुरुवात कागदांपासून केली. पुण्याच्या पुराभिलेखागारात खेपा घातल्या, साताऱ्याचं १८८५चं गॅझेटिअर मिळवलं, मोडी वाचणारा शोधत बसलो. या वर्षभरात गावातली तीन जुनी माणसं गेली. त्यातल्या एका आजींचे वडील १९३९च्या नव्या पंचायतीत पंच होते. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी त्या साली आपल्या बहात्तर गावांच्या संस्थानाला स्वराज्याची घटना दिली आणि गावच्या पंचायतीकडे कारभाराबरोबर निवाड्याचंही काम आलं. चावडीत कोणाचे तंटे आले, पंचांनी कसे तोडले, हे त्या आजींनी लहानपणी उंबऱ्यात बसून ऐकलं होतं. मी त्यांना म्हणाले होते, "पुढच्या महिन्यात निवांत येते, वही घेऊन." पुढचा महिना आलाच नाही. पुण्यातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली जुन्या कागदांची गाठोडी, आजही जागच्या जागी बांधलेले आहेत. ते पुढच्या वर्षी सोडले असते तरी काही बिघडत नव्हतं.

तेव्हा पहिल्या आठवड्यात एकच काम करा. गावातल्या पंचाहत्तरीच्या पुढच्या सगळ्या माणसांची यादी करा आणि ती वस्तीवार करा. गावठाण, मळे, बौद्धवस्ती, रामोशीवाडा, मुसलमानांची घरं, आळ्या, सगळ्या वस्त्या. मुंबईला, पुण्याला मुलांकडे राहणारेही धरा. आमच्याकडची बरीच घरं गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायच्या कामात, देशभर पांगलेली आहेत. तिकडच्या म्हाताऱ्यांना गावाची आठवण गावातल्यांपेक्षा टवटवीत असते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर गाव बदललेलं नाही. ज्यांची तब्येत नाजूक, त्यांच्याकडे आधी जा.

बोलायला जाताना दोघं जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रण सांभाळायचं. मोबाइल विमानमोडवर टाका, पंखा बंद करा, टीव्ही बंद करायला सांगा. सुरुवातीला तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात नोंदवा आणि "हे पुस्तकात छापलं तर चालेल का?" असं विचारून त्यांचं उत्तरही त्यातच येऊ द्या. साल विचारू नका. "१९५२ साली काय झालं?" म्हटलं की माणूस घाबरतो, परीक्षा घेतल्यासारखं वाटतं त्याला. त्याऐवजी खुणा द्या. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (डिसेंबर १९६७) हे घर होतं का? मोठ्या दुष्काळात, बाहत्तर साली, खडी फोडायला कुठल्या कामावर जात होता? सुकडी (तेव्हा मदत म्हणून मिळायचं ते कोरडं खाणं) कुठे वाटायचे? गिरण्यांचा संप झाला तेव्हा मुंबईहून कोण कोण परत आलं? लग्न, पहिलं बाळंतपण, विहिरीला पाणी लागलं तो दिवस, या खुणांवरून साल आपोआप बांधता येतं. एका आजोबांना मी शाळेबद्दल तासभर विचारत होते, त्यांना काही आठवेना. सहज म्हटलं, "नमस्कार घालायला लावायचे ना?" संस्थानात शाळेत सूर्यनमस्कार सक्तीचे होते. आजोबा बसल्या जागी हात जोडून बीजमंत्रासकट सगळी नावं म्हणायला लागले आणि मग मास्तर, छडी, बिनछपराचा वर्ग, सगळं त्यामागोमाग आलं.

दुसरं काम शेतांच्या नावांचं. ही नावं दप्तरात सहसा मिळत नाहीत आणि दहा वर्षांनी कुणाच्या तोंडीही राहणार नाहीत. जमिनींच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आता नवी पोरं "गट तीनशे बारा" म्हणतात. त्याच रानाला त्यांचे आजोबा "चिंचेचा दरा" म्हणायचे आणि तिथली चिंच शंभर वर्षांपूर्वीच गेलेली. तलाठी भाऊसाहेबांकडून गावनकाशाची प्रत घ्या, ती मोठी करून ए-तीनच्या कागदांवर काढा आणि पारावर पसरून ठेवा. आम्ही सलग चार रविवार सकाळी हे केलं. माणसं भोवती जमायची, भांडायची, बोटं ठेवायची. एकशे चाळीसच्या वर नावं निघाली. बायकांना वेगळं विचारा, हे मुद्दाम सांगते. पुरुषांनी नावं सांगितली ती वाटेवरच्या, बांधाच्या, मालकीच्या रानांची. खुरपायला, वेचायला, सरपणाला हिंडलेल्या बायकांना ओढ्याकडेच्या घळी, झरे, करवंदीच्या जाळ्या यांची नावं माहीत होती आणि ती आमच्या पहिल्या यादीत एकही नव्हती.

मग कागद. गावातले कागद पेटाऱ्यात, फडताळात, पत्र्याच्या नळीत, माळवदाच्या आढ्याला बांधलेले असतात. लोक द्यायला कचरतात, कारण कागद म्हणजे जमीन आणि जमीन म्हणजे भाऊबंदकी. त्यांचं बरोबर आहे. म्हणून कागद घरी न्यायचाच नाही असा नियम करा. त्यांच्याच ओसरीवर, खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर ठेवून वरून सरळ फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा. कागदाची मागची बाजूही घ्या, शेरा बहुतेक वेळा मागेच असतो. घडी ताठ झाली असेल तर ओढू नका. सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही. एका घरचं १८५०च्या आसपासचं पत्र असंच प्लॅस्टिकमध्ये वितळून काळं पडलेलं मी पाहिलं आहे. किती कागदांचे फोटो काढले याची सहीची पोच घरमालकाला द्या. पोच दिल्यावर एका घराने आपण होऊन दुसरी नळी बाहेर काढली होती.

मोडी वाचणारा घाईने धरू नका. पुराभिलेख खात्यातर्फे अधूनमधून मोडीचे वर्ग होतात, मंडळातल्या दोन तरुण मुलांना तिथे पाठवा. आमच्याकडची एक मुलगी बीएस्सी करता करता शिकली आणि आज तालुक्यात तिच्याकडे कागद घेऊन माणसं येतात. ती शिकेपर्यंत आमच्याकडून जी चूक झाली ती सांगायलाच हवी. एका पावतीवर सन १२४८ असं होतं. एका उत्साही सभासदाने तो शक धरला, त्यात ७८ मिळवले आणि गाव सातशे वर्षांचं असल्याचा फ्लेक्स वेशीवर लागला. तो सन फसली, म्हणजे महसुलाच्या कामात चालणारा, होता. फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे कागद १८३८-३९चा. फ्लेक्स उतरवला, पण अजूनही लोक सातशे वर्षांचा आकडा सांगतात.

म्हणून कालगणनेचा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शालिवाहन शकात ७८ मिळवायचे. फसलीत ५९०. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेक शकात १६७३. आणि पेशवाईतल्या कागदांवर जो अरबी शब्दांतला शुहूर सन असतो, त्यात ५९९. तो आकड्यांत नसून शब्दांत असतो आणि एककापासून वर वाचायचा. "सीत सबैन मया व अलफ" म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७६. त्यात ५९९ मिळवले की १७७५. फसली आणि शुहूर दोन्ही सनं मृगाला, जूनमध्ये बदलतात. म्हणून कागद जानेवारी ते मे या महिन्यांतला असेल तर आणखी एक मिळवायचा. शकाचं तसंच, तो चैत्रात बदलतो, तेव्हा पौष-माघातल्या कागदाला बहुधा ७९ लागतात. एवढं जमलं की कागदाचं निम्मं भय जातं.

सरकारी दप्तरात काय मागायचं ते नेमकं माहीत असलं तर काम होतं. नुसतं "जुने कागद द्या" म्हटलं की कोणीच काही देत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि कडईपत्रक (जमीनधारकांचं जुनं पत्रक) मागा, भूमी अभिलेख कार्यालयात टिपण (जमीन मोजणीचा जुना तपशील) आणि आकारबंद (क्षेत्र आणि सारा यांची नोंद). गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, आपल्याकडे कोतवाल बुक म्हणतात ते. १९१८ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, गावात कधी शिरली, आधी कुठल्या आळीत माणसं गेली, हे त्यातल्या ओळींवरून दिसतं. काही जिल्ह्यांचे जुने उतारे "आपले अभिलेख" या शासकीय संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात. एक पथ्य पाळा: ज्या जमिनीचा वाद कोर्टात चालू आहे तिचा एकही कागद पुस्तकात घेऊ नका. उद्या पुस्तक पुरावा म्हणून दाखल होईल आणि मंडळ साक्षीला उभं राहील.

शाळेचं जनरल रजिस्टर हा माझा जीवच आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. बोरूच्या वळणदार अक्षरात एकाखाली एक लिहिलेलं. शेतकामास. गुरे राखण्यास. मुंबईस गेला. मयत. परगावी. पुन्हा मुंबईस गेला. एका पानावर सलग सात मुलं मुंबईस गेलेली आहेत, कुणी चौथीतून, कुणी तिसरीतून. गिरणगावाचा इतिहास त्या रकान्यातून वाचता येतो. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, पानांचे फोटो काढा, आकडेवारी तुम्हीच काढा. जातीचा रकाना आणि हयात माणसांच्या जन्मतारखा छापायच्या नाहीत.

याच रजिस्टरने मला बायकांच्या नावांपाशी आणून उभं केलं. जुन्या पानांवर मुली जवळजवळ नाहीतच. मोडी कागदात बाई असली तर अमुक "कोम" तमुक, म्हणजे त्याची बायको, आणि तीही नवरा मेल्यावर. घरोघरच्या वंशावळी पाहिल्या तर वरपासून खालपर्यंत नुसते पुरुष, जणू बापाच्याच पोटी लेक जन्मला. आमच्या बैठकीत मी म्हटलं, वंशावळ छापायची तर सुना आणि लेकी धरून छापायची, सुनेचं माहेर आणि लेकीचं सासर लिहून. यावर दोन बैठका वाद झाला. पानं वाढतील, नावं मिळणार नाहीत, वेळ जाईल. वेळ गेला, वर्ष गेलं. पण माहेरच्या गावांची यादी नकाशावर मांडली तेव्हा दिसलं की आमच्या गावाचं खरं नातं तालुक्याच्या ठिकाणाशी नाहीच, ते डोंगरापलीकडच्या माण तालुक्यातल्या गावांशी आहे. दुष्काळात कोण कुणाकडे धान्याला गेलं, बैल कुणी सांभाळले, याचा उलगडा तिथे झाला. वंशावळी घ्यायच्या असतील तर पहिल्याच दिवशी छापील तक्त्यात सून आणि लेकीची रेघ आखून द्या. नंतर घालू म्हटलं की त्या राहतात.

देवळामागच्या वीरगळींचे (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांचे) फोटो दुपारी काढू नका, सपाट दिसतात. रात्री बॅटरी एका बाजूने तिरपी धरा, मग खालच्या चौकटीतली लढाई, मधली वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, वरची पिंडीची पूजा आणि माथ्यावरचे चंद्र-सूर्य सगळे उठून येतात. शेंदूर खरवडायचा नाही, आम्ल तर लांबच.

आता अवघड भाग. प्रत्येक गावात एक-दोन गोष्टी असतात ज्यांवर सगळे गप्प होतात. आमच्याकडे एक म्हणजे पाणवठा आणि दुसरी म्हणजे गांधीजींच्या हत्येनंतरची १९४८ची जाळपोळ, ज्यात आमच्या भागातली ब्राह्मणांची घरं जळाली. मंडळातले काही जण म्हणाले, कशाला उकरायचं. मी हट्टाने दोन्ही प्रकरणं घ्यायला लावली आणि त्याचं मला समाधान आहे. रीत अशी ठेवली: बौद्धवस्तीचं प्रकरण वस्तीतल्याच दोघांनी लिहिलं, येसकरकी (गावच्या वेशीची राखण), महारकी वतन, छप्पन्नचं धर्मांतर, वस्तीतली पहिली विहीर, हे त्यांच्या शब्दांत. आम्ही फक्त शुद्धलेखन पाहिलं. जाळपोळीसाठी पुण्याला गेलेल्या घराण्यांकडे आम्ही स्वतः गेलो. घर जळताना देवघरातले देव शेजारच्या मराठ्याच्या बाईने पदरात घालून बाहेर काढले, ही हकिकत आम्हांला तिथे कळली, गावात कुणीच सांगितली नव्हती. जाळणाऱ्यांची नावं छापली नाहीत. त्यांची नातवंडं गावात आहेत आणि नावं ऐकीव होती. काय जळलं, कोण गेलं, कोण परत आलं, ते सगळं छापलं.

लिहिताना आम्ही तीनच क्रियापदं ठरवली होती. कागद असेल तर "नोंद आहे". ऐकलेलं असेल तर "सांगतात", आणि कोण सांगतात तेही. आपला अंदाज असेल तर "आम्हांला वाटतं". ग्रामदैवताची कथा "सांगतात"मध्ये बसते आणि तिचा मान कमी होत नाही. वेगवेगळ्या लोकांनी प्रकरणं लिहिली तरी शेवटचा हात एकाच माणसाचा फिरवा, नाहीतर एका पानावर "होळकरांची स्वारी", दुसऱ्यावर "होळकरी धाड" आणि तिसऱ्यावर वेगळंच साल असं होतं.

पैशाचं थोडक्यात. मंडळ नोंदवायला निदान सात सभासद लागतात आणि धर्मादाय कार्यालयात अर्ज करावा लागतो. नोंदणी झाली की बँकेत खातं निघतं आणि माणसं विश्वासाने पैसे देतात. आम्ही प्रकाशनपूर्व सवलतीत प्रती नोंदवून घेतल्या, मुंबईकर मंडळी आणि गलाईवाल्यांनीच निम्म्याहून जास्त घेतल्या. शुभेच्छांच्या जाहिराती पुस्तकात घेऊ नका. पुढाऱ्यांचे फोटो छापायचेच असतील तर प्रकाशन सोहळ्याची वेगळी स्मरणिका काढा. पुस्तक पन्नास वर्षांनी कुणी उघडेल तेव्हा त्यात ते नकोत.

छपाईच्या वेळी पानं सोळाच्या पटीत ठेवा, कारण फर्मा सोळा पानांचा. १७ फर्म्यांची २७२, १८ची २८८. डेमी आकार, सत्तर जीएसएमचा नॅचरल शेड कागद, फोटोंचा एक फर्मा वेगळ्या आर्ट पेपरवर, हे आम्हांला परवडलं. बांधणी मात्र शिवलेली घ्या, जुजबंदीची. नुसत्या डिंकाची पुस्तकं गावात हातोहात फिरली की वर्षभरात पानं सुटतात. तीन ठिकाणांहून लेखी दर मागवा आणि कागदाचा नमुना हातात घेऊन पाहा. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवू नका, तिथे ते बारीक होतात; मूळ फोटो सहाशे डीपीआयवर स्कॅन करा.

आणि मुद्रितं, म्हणजे प्रुफं. आमचा मजकूर युनिकोडमध्ये होता. ज्यांच्याकडे अक्षरजुळणी दिली त्यांनी तो जुन्या फाँटमध्ये बदलून घेतला. मजकुराची मुद्रितं आम्ही आधीच वाचलेली होती, बदलल्यानंतरची वाचली नाहीत. छापून आल्यावर पाहिलं तर रफार शेजारच्या अक्षरावर सरकलेला, "वऱ्या"चा "वया" झालेला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे नावांच्या सूचीत "दुर्गाबाई" होत्या तिथे "दुगार्बाई". अकरा दुर्गाबाई होत्या. आम्ही शुद्धिपत्र छापलं आणि पाचशे प्रतींत बसून हाताने चिकटवलं. तेव्हा सरळ युनिकोडमध्येच जुळणी करणाऱ्याकडे काम द्या आणि अखेरचं मुद्रित, छापायला जाणारं तेच, कागदावर काढून दोघांनी मोठ्याने वाचा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवायचं. नावांची सूची तिसऱ्या माणसाने.

आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, अर्ज ऑनलाइन. दलालाला पैसे देऊ नका, फक्त छपाईच्या बरंच आधी अर्ज करा. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीपासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. हे टाळू नका. गावातल्या प्रती वाळवी खाईल, कुणाच्या मुंजीत-लग्नात आहेर म्हणून जातील, पण तिथली राहील. तालुक्याच्या वाचनालयाला आणि आसपासच्या शाळांनाही द्या. सगळ्या ध्वनिमुद्रणांच्या दोन हार्ड डिस्क करा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा.

शेवटची एक प्रत बांधणीवाल्याकडून वेगळी करून घ्या, प्रत्येक छापील पानासमोर एक कोरं पान शिवलेली. आमची ग्रामपंचायतीच्या वाचनालयात टेबलावर असते, दोरीला पेन्सिल बांधून. चूक दिसली, काही राहिलं असं वाटलं, तर ज्याने त्याने लिहावं आणि खाली आपलं नाव घालावं. पहिल्या महिन्यात त्यात चोवीस नोंदी झाल्या. वंशावळीच्या पानासमोर एका आजींनी नातीकडून लिहून घेतलं होतं: "माझ्या सासूबाईंचं नाव तुम्ही पार्वती लिहिलं आहे. ते सासरचं. माहेरचं नाव ठकू. सगळे तेच म्हणायचे."